जोड कुठे लागला

शिळफाटा, खोपोली
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

संध्यावहिनी,

जय भीम. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी एवढं वाच. गोळ्या सुरू कर. जुन्या नव्हेत, नव्या. तुझ्या अंगातला एचआयव्ही जुन्या गोळ्यांना जुमानत नव्हता म्हणून तर पुण्याला रक्त पाठवलं, आणि तिथल्या रिपोर्टवरूनच डॉक्टरांनी नव्या गोळ्या लिहिल्या. तू त्या न घेताच गेलीस. आता सातवा लागला असेल तुला. बाळंतपणापर्यंत विषाणू दाबला गेला तर बाळाला लागण व्हायची भीती अगदी थोडी उरते. नाही दाबला तर काय, ते मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. आमच्या तपासणी केंद्रात यायचं नसेल तर नको येऊस. पनवेलला जा, पुण्याला जा, माझं तोंड दिसणार नाही अशा कुठल्याही केंद्रात जा, पण या आठवड्यात जा.

तुझा फोन बंद. तुझ्या आईकडे पेणला जाऊन आले, त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि अर्धंच उत्तर दिलं. मकसूदभाई माथेरानच्या हॉटेलांना पाव-अंडी पोचवतात ना, ते परवा शिळफाट्याला भेटले. माझ्याकडे बघून आपणहून म्हणाले, "तुमची वहिनी बरी हाय." वर आहेस म्हणजे. कुठल्या हॉटेलात ते काढायला मी त्यांना दोन चहा पाजले, पण माणूस काही फुटला नाही. "चिठ्ठी द्या, पोचवतो," म्हणाले. म्हणून हे लिहितेय. आयुष्यात मी पत्र लिहिलेलं नाही गं, रजेचा अर्ज सोडला तर.

घरात जे झालं ते उगाळत बसायचं नाही असं मी ठरवलंय. रिपोर्टमध्ये जे होतं ते होतं. सी आणि ए-वन अशा दोन प्रकारांचा मिसळलेला विषाणू, असं त्यात छापलं होतं. मी माझ्या पदरचं काही घातलं नाही. एका अंगात दोन प्रकार मिसळले म्हणजे ते दोन माणसांकडून आले, एवढं कोणीही म्हणेल. एक आपला दादा, मग दुसरा कोण, हे आईने विचारलं. पुढे तिने तुझ्या पोटाकडे बोट दाखवून "हे तरी कुणाचं हाय" असं विचारलं, ते चुकलंच, ते मी मानते. पण तूही काही कमी बोलली नाहीस. आणि लगेच पिशवी भरून पोटुशी बाईने घर सोडायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

दादा टेंपो घेऊन जातो, येतो, जेवतो. गोळ्या घेतो, मी बघते.

तू फक्त गोळ्या घे. बाकीचं नंतर बघू.

दर्शना

शिळफाटा
गुरुवार, २१ ऑगस्ट

वहिनी,

"दिली," म्हणाले मकसूदभाई. घेतली का? "दिली म्हंजे दिली." वाचली का? "मी काय तिच्या डोळ्यात बघत बसू?" असा माणूस. तू काही निरोप पाठवला नाहीस म्हणजे राग आहे. असू दे. गोळ्या सुरू केल्यास का, एवढं हो किंवा नाही त्यांना सांग. नुसती मान हलव त्यांच्यापुढे, मला कळेल.

मी सध्या रजेवर आहे. त्यामुळे वेळच वेळ आहे.

तुला नमिरा मॅडम आठवतात? पुण्याच्या संस्थेतल्या, ज्यांनी तुझं रक्त अभ्यासाला घेतलं होतं. माहेर त्यांचं इथलंच, खोपोलीचं, वडील रेल्वेत होते. त्या मंगळवारी घरी आल्या. दादाची सही हवी होती. त्यांचं काम असं की हा मिसळलेला विषाणू मुळात कुठून आला, कधी तयार झाला, त्याचे आईबाप कोण, हे मागे मागे जाऊन शोधायचं. खंडाळ्यापासून पनवेलपर्यंतच्या हायवेकाठच्या लोकांचे नमुने त्यांच्याकडे आहेत, नावाशिवाय, नुसत्या नंबरावर. दादाला दोन वर्षांपूर्वी टीबी झाला आणि एचआयव्ही निघाला, तेव्हाचं त्याचं रक्त त्यांच्या फ्रीजमध्ये आहे. आता त्याचा विषाणू गोळ्यांनी इतका दबलाय की हातात सापडत नाही, म्हणून ते जुनं रक्त तपासायचं. दादाने न वाचता सही केली. त्याला कशाचंच काही वाटेनासं झालंय.

मी चहा केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, मॅडम, दोन प्रकार मिसळलेले असले म्हणजे दोन जणांकडून आले असंच ना? त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "असं कुणी सांगितलं?" मी म्हटलं, असंच, केंद्रात लोक विचारतात.

मग त्या म्हणाल्या, "दर्शना, ठाकुरवाडीला घाट चढणारी गाडी बघितलीस कधी? पुढे एक इंजिन, मागून ढकलायला आणखी इंजिनं. आता एखादा ठाकुरवाडीलाच उभा राहून म्हणाला, ही मागची इंजिनं इथेच जोडली, तर?" मी म्हटलं, येडाच म्हणायचा, ती कर्जतला जोडतात. "तसंच असतं," म्हणाल्या. "दोन प्रकार कुठेतरी एका माणसाच्या अंगात एकत्र आले, नक्कल होताना थोडं ह्याचं थोडं त्याचं असं जोडलं गेलं, आणि एक नवीनच विषाणू झाला. पुढे तो तसाच जोडलेला एकाकडून दुसऱ्याकडे गेला. आपल्याला जो माणूस दिसतो, त्याच्याच अंगात जोड लागला असं समजायचं कशावरून? तो कर्जतला लागला की ठाकुरवाडीला, तेच तर शोधायला मी निघालेय."

त्या गेल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. दूध उतू गेलं. आई ओरडली. म्हटलं, मॅडमचं अजून नक्की कुठे झालंय. तीन आठवडे लागतील म्हणाल्यात. कदाचित माझंच बरोबर निघेल.

हे तुला का लिहिलं कोण जाणे. खोडणार होते. राहू दे.

दर्शना

शिळफाटा
शुक्रवार, १२ सप्टेंबर

वहिनी,

माझं चुकलं. एकदा लिहिलं म्हणजे मन मोकळं होईल असं वाटलं होतं. होत नाही.

काल नमिरा मॅडमनी दादाला त्याचा निकाल दिला. तुझ्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, मी दोनदा विचारून पाहिलं. पण दादाने कागद माझ्या हातात ठेवला. दादाचाही विषाणू मिसळलेलाच निघाला गं. तेच दोन प्रकार. आणि जोड कुठे कुठे लागलाय त्याचे आकडे होते खाली, तीन जागा. तुझ्या रिपोर्टमधले आकडे मला पाठ आहेत, रोज तोंडात येतात. तेच तिन्ही आकडे.

मॅडमनी दादाला समजावलं. असा जोड जर प्रत्येकाच्या अंगात नव्याने लागला असता तर प्रत्येकाचा वेगळ्या जागी पडला असता. इथे एकट्या दादाचा नाही, हायवेकाठच्या चौदा नमुन्यांत जोड त्याच जागी आहे. काही नमुने तर पंधरा वर्षांपूर्वीचे. म्हणजे हा विषाणू खूप आधी कुठेतरी एकदा जोडला गेला आणि तेव्हापासून तयार होऊनच फिरतोय. नक्कल होताना त्याच्यात जे बारीक बदल साठत जातात ते मोजून मागे गेलं की साल काढता येतं, अंदाजाने. त्यांचं उत्तर आलंय अठ्ठ्याण्णव ते दोन हजार दोनच्या मधलं. कुणाच्या अंगात, ते कळणार नाही. असेल कुणी. बाई असेल, पुरुष असेल, मेलाही असेल.

दादा तेव्हा चौथीत होता. तू बालवाडीत होतीस, वहिनी. बालवाडीत. आणि मी तुला स्वयंपाकघरात उभं करून विचारलं, दुसरा कोण म्हणून.

हो, मीच. पहिल्या पत्रात मी आईचं नाव घेतलं. आईने पोटाचं विचारलं, पण त्या आधीचं सगळं मी बोलले. आईला काय कळतंय सी आणि ए-वन. तिला मी वहीच्या पानावर दोन गोल काढून दाखवले, आणि मधे एक तिसरा काढून आत तुझं नाव लिहिलं. घरातली शिकलेली ना मी. डीएमएलटी केलेली, सरकारी तपासणी केंद्रातली. आईने त्या पानाकडे बघितलं आणि मग तुझ्या पोटाकडे.

आणि रजेवर वगैरे मी नाही. मला कामावरून थांबवलंय. लिफाफा डॉक्टरांच्या नावाने बंद आला होता, तो मी फोडला. तुझा निकाल तुझ्याआधी माझ्या आईला कळला. सात वर्षं मी त्या टेबलावर बसून येईल त्याला सांगत होते, तुमची गोष्ट ह्या चार भिंतींबाहेर जाणार नाही, आणि कुणाकडून आलं ते शोधत बसू नका, त्याने घर मोडतं. मी स्वतःच्या घरात नेमकं तेच केलं. डॉक्टरांनीच वर लेखी कळवलं. बरोबर केलं त्यांनी. तेव्हा मी त्यांना मनात काय काय शिव्या घातल्या होत्या.

काल दादाचा कागद हातात आल्यावर पहिल्यांदा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आता दादाला धरते. म्हणजे याच्याकडूनच वहिनीला गेला. तोंड उघडलंच होतं मी. मॅडम म्हणाल्या, "हा कागद तेही सांगत नाही. नवऱ्याकडून बायकोला की बायकोकडून नवऱ्याला, हे यातून निघत नाही. काढायला जाऊ नकोस." मला कुणीतरी एक गुन्हेगार लागतोच गं. ही खोड कुठून आली माझ्यात?

दादाने टेंपोत बसून काच वर केली आणि रडला. मी बाहेरून बघत होते.

विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. आई मला ओढून नेते. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज बसतो. खोटं बोलणार नाही, असं सगळ्यांबरोबर मोठ्याने कसं म्हणू? शेजारच्या सोनुबाई म्हणाल्या, "घसा धरलाय का गं, हळद-दूध घे."

आठवा चालू असेल तुझा. वहिनी, मी हात जोडते, पाया पडते. मला माफ करू नकोस, माझं नाव टाकून दे, पण गोळ्या घे. नव्या गोळ्यांना विषाणू दाबायला काही आठवडे तरी लागतात. ते आठवडे संपत चाललेत.

दर्शना

शिळफाटा
सोमवार, २९ सप्टेंबर

वहिनी,

काल माथेरानला कोण आलं होतं ते तुला कळलंच आहे.

माझ्याने राहवेना. नववा लागला, आणि मला हो की नाही एवढंही कळत नाही. आदल्या दिवशी डॉक्टरांकडे गेले होते. केंद्राच्या दारात उभी राहिले, आत घेतील का नाही माहीत नव्हतं. विचारलं, सर, संध्या नव्या गोळ्या घेतेय का, तुमच्याकडे आली होती का? ते म्हणाले, "दर्शना, हे मी तुला सांगू शकत नाही." मी म्हटलं, सर, नुसतं हो म्हणा. ते म्हणाले, "नाही सांगू शकत." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. माझ्यावरचा राग त्यांनी तुझ्या पोरावर काढावा? असं मला वाटलं, खरं सांगते. रस्त्यावर येऊन मी रडले नाही, ओरडले. रिक्षावाला थांबून बघत होता.

मग काल नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आणि तिथून चालत. लाल चिखलात चप्पल तुटली. हातात धरून चालले. मोबाइलवर तुमच्या लग्नातला फोटो काढून हॉटेलाच्या मागच्या दारांनी विचारत सुटले, ही बाई इथे आहे का, पोटुशी आहे, नववा महिना. सहा हॉटेलं झाली. सातव्याच्या स्वयंपाकघरात पाच-सहा जणी भाजी निवडत होत्या. आचारी म्हणाला, काय काम आहे तिच्याकडे? मी म्हटलं, घरचीच आहे, तिचं औषध राहिलंय. "कसलं औषध?" म्हणाला. सगळ्या जणी हात थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडात शब्द आला होता, वहिनी. ओठावर. मी गिळला. "रक्त वाढायचं," म्हटलं. पण मधे जी गप्प झाले ना मी, ती जरा जास्तच. त्यातल्या एकीने दुसरीकडे बघितलं.

तू तिथेच होतीस ना? मागच्या खोलीत?

आज सकाळी मकसूदभाई घरी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. पायरीवर उभे राहून म्हणाले, "दर्शनाबाय, तुमी तिला दुसऱ्यांदा घराबाहेर काढली. तिकडं बाया कुजबुजाय लागल्या, ती काल सांजचीच काम सोडून गेली. चांगली जागा होती. आचारी तिला जड उचलू देत नव्हता." मी विचारलं, कुठे गेली? म्हणाले, "आता तर मी तुमाला वाराच काय बोलतो तेबी सांगणार नाय." मी त्यांचे पाय धरायला वाकले तर दोन पायऱ्या मागे सरले. मग म्हणाले, "ही शेवटची चिठ्ठी. ह्याच्यापुढं मला विचारू नका."

म्हणून ही शेवटची. काय लिहू यात? आई म्हणते, "तिला आन, मी तिचं बाळंतपण करीन." माफी मागायची तिची रीत तीच आहे. कालपासून तिने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला काढलीत. मी म्हटलं, आई, ती येणार नाही. म्हणाली, "नाय आली तं नाय आली, पोर काय उघडं ठेवतील?" दादा म्हणतो, मी कुठल्या तोंडाने जाऊ. गोळ्या घेतो, पण त्याची पँट कमरेत सैल झालीय.

मी मदत करायला म्हणून जिथे जिथे हात लावते तिथे तुझं मोडतं. हे मला आता कळलंय. तरी हात राहत नाहीत. तू कुठे असशील आता, नवव्या महिन्यात, पिशवी घेऊन? माझ्यामुळे? विचार केला की मी घरातल्या घरात फिरत राहते.

वहिनी, बाळंतपणासाठी दवाखान्यातच जा. तिथे सांग की मला एचआयव्ही आहे, लाजू नकोस, म्हणजे बाळाला जन्मल्यावर लगेच औषध देतील. घरी होऊ देऊ नकोस. एवढं कर. एवढं कर गं.

दर्शना

शिळफाटा
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वहिनी,

मकसूदभाईंच्या बायकोला, रुबिनाभाभींना नेरळला जाऊन भेटले. त्यांनी हे ठेवून घेतलं. "देईन असं म्हणत नाय, पण ठेवते," म्हणाल्या. तेवढं पुरे आहे मला.

आता जे लिहितेय ते कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, नमिरा मॅडमना नाही.

रिपोर्ट दोन पानांचा होता. त्या दिवशी मी पहिलं पान वाचून लिफाफा पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन जे करायचं ते केलं. दुसरं पान मी दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात वाचलं, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या आधी. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अशा प्रकारचा विषाणू या भागात आधीही आढळला आहे, तो याच व्यक्तीच्या शरीरात तयार झाला असं समजू नये, आणि यावरून लागण कुणाकडून झाली किंवा कितीजणांकडून झाली असा निष्कर्ष काढू नये. पाच ओळी. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत.

तू त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलीस. वहिनी, माझ्या हातात एक अख्खा दिवस होता. एक दिवस आणि एक सकाळ. मला माहीत होतं. तू पिशवी भरत होतीस तेव्हा मला माहीत होतं. मी दारात उभी होते, तू माझ्या अंगाला घासून बाहेर गेलीस, आणि मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, माझं वाचायचं राहिलं. आई हसली असती, दादाने चार शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं. पण आदल्या दिवशी मी सगळ्यांना बसवून, गोल काढून शिकवलं होतं ना. आता म्हणू की मला दुसरं पान उलटायची अक्कल नव्हती? ते तोंडातून निघेना. मनाला म्हटलं, जाऊ दे, दोन दिवसांत माहेरून परत येईल, तेव्हा हळूच सांगू. नमिरा मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी त्यांना भोळेपणाने विचारल्यासारखं केलं, तेही नाटकच. आणि तुला मी काय लिहिलं? कदाचित माझंच बरोबर निघेल.

माझ्यात विषाणू नाही, मी दरवर्षी तपासते. तरी ह्या घरात कुणामुळे काय पसरलं त्याचं झाड कुणी काढलं तर मुळाशी मीच सापडेन.

तुझे दिवस भरत आलेत. हे तुला मिळेल तेव्हा कदाचित बाळ झालेलं असेल. त्याला जर लागण झाली तर ती तू केली नाहीस, दादाने केली नाही. ती मी केली. हे कागदावर लिहून माझ्या सहीने देतेय. पुढे कधी त्याने विचारलं तर त्याला हा कागद दाखव.

मी आता गोळ्या घे म्हणूनही सांगत नाही. सांगायचा हक्क कुठे आहे. पण घेतल्यास ना गं? कुठून तरी घेतल्यास ना? रोज सकाळी उठले की आधी तेच. एक शब्द पाठव. होय नाहीतर नाही. शिवी दिलीस तरी चालेल, आवाज तरी येईल तुझा.

दर्शना सखाराम गायकवाड

२१ डिसेंबर २०२५

दर्शनाताई,

जय भीम. तुमची पाचही पत्रं मिळाली. सगळी वाचली. मकसूदभाईवर राग धरू नका. काय बोलायचं नाय असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

मी घरातून निघाली ती सरळ डॉक्टरकडं गेली. नव्या गोळ्या त्याच दिवशी मिळाल्या. दुसऱ्या केंद्राचा कागद पण त्यांनी करून दिला. तेव्हापासून एक दिवस चुकवली नाय. डॉक्टरला मी बोलली, आमच्या घरात कोणाला सांगायचं नाय, दर्शनाताईला तर मुळीच नाय. त्यांनी नाय सांगितलं. नमिरा मॅडम मला दोनदा भेटून गेल्या, त्यांना पण सगळं माहीत होतं. त्यांनी पण नाय सांगितलं. तुमी जीव काढत होतात ते पत्रातून मला समजत होतं. वाईट वाटायचं. तिसरं पत्र वाचून एकदा लिहायला पण बसली. मग वाटलं, हिला एक गोष्ट कळली की ती चार माणसांत जाईल. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात तुमी माथेरानला आलात. मी मागच्या खोलीतच होती. मग नायच लिहिलं.

जोड कुठल्या साली लागला, कशावरून कळलं, ते तुमी चांगलं समजावून लिहिलंय. दोनदा वाचलं. पण ताई, माझ्यासाठी त्यात नवीन काय होतं? माझं मला ठाऊक नसणार का? ओट्याजवळ उभी राहून मी तुमाला तीनदा बोलली, दुसरा कोणी नाय, ताई. आईंना पण बोलली. तुमाला दुसरं पान वाचायची गरज नव्हती. मी समोर उभी होती.

मुलगी झाली. दवाखान्यातच झाली. दूध पिते, रडायला जोर हाय. ह्यांना तिला बघायला यायचं असंल तर येऊ द्या, एकटे येऊ द्या. मकसूदभाई वाट दाखवतील. आईंनी दुपटी शिवली हायत तर ह्यांच्याबरोबर पाठवा, थंडी पडलीय.

तिच्या बापाच्या गोळ्या बंद पडू देऊ नका. तेवढं तुमी आजपर्यंत बघितलंत, ते मला मान्य हाय.

सहाव्या आठवड्यात मुलीचं रक्त घेतलं. परवा निकाल आला. मी तो अजून कोणाला सांगितला नाय. ह्यांना सांगीन, ते बाप हायत. तुमाला सांगणार नाय. तुमी त्यांना विचारू नका. आणि ते आपणहून सांगायला लागले, तर उठून बाहेर जावा.

संध्या